कृष्णद्रव्याविना दीर्घिका? डीएफ-२च्या अंतराचा वाद

हिवाळ्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलं की मृगाच्या बऱ्याच पश्चिमेला तिमिंगल तारकासमूह दिसतो. त्याच्या हद्दीत एनजीसी १०५२ नावाची लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे आणि तिच्या आसपास काही फार अंधुक डाग आहेत. त्यातल्याच एका डागाचं हे प्रकरण. त्याचं नाव एनजीसी १०५२-डीएफ-२, बोलीत नुसतं डीएफ-२.

दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास कसा होतो, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. वजन, वेग, अंतर, वायू असं दीर्घिकेबद्दल जे जे मोजता येतं ते सगळं इथे मोजलं गेलं, आणि प्रत्येक मोजणीवर कुणीतरी बोट ठेवलं. संशोधकांची नावं मी मुद्दाम घातलेली नाहीत, फक्त त्यांच्या संस्थांवरून त्यांना ओळखू. मला रस आहे तो कुठल्या वळणावर कुठला निर्णय झाला यात.

पार्श्वभूमी

दीर्घिकेतले तारे जेवढं गुरुत्वाकर्षण निर्माण करतील त्याहून कितीतरी जास्त गुरुत्वाकर्षण तिथे प्रत्यक्षात जाणवतं. १९३३ साली केश तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या गुच्छात हे प्रथम ठळकपणे दिसलं. पुढे १९७०च्या दशकात देवयानीसारख्या सर्पिल दीर्घिकांच्या कडेचे तारे आणि वायू किती वेगाने फिरतात हे मोजल्यावर शंका फारशी उरली नाही. न दिसणाऱ्या या वस्तुमानाला कृष्णद्रव्य म्हणतात. सर्रास आपण डार्क मॅटर म्हणतो. दीर्घिका जितकी लहान आणि अंधुक, तितका तिच्यातला कृष्णद्रव्याचा वाटा सहसा मोठा असतो.

आता दुर्बिणीविषयी. अमेरिकेतलं येल आणि कॅनडातलं टोरोंटो इथल्या खगोलशास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोत एक वेगळीच दुर्बीण उभारली होती. तिला आरसाच नाही. खेळाच्या सामन्यांत छायाचित्रकार जी पांढरी लांबलचक लेन्स वापरतात, ती ४०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स. अशा मोजक्या लेन्स सुरुवातीला आणि पुढे ४८ लेन्स एकाच दिशेला रोखून त्यांच्या प्रतिमा एकत्र करायच्या. नाव ड्रॅगनफ्लाय, म्हणजे चतुर. मोठ्या आरशांच्या दुर्बिणीत प्रकाश थोडा विखुरतो आणि त्या विखुरलेल्या उजेडात फार फिकट, पसरट वस्तू बुडून जातात. या लेन्सच्या काचेवरचा लेप ते विखुरणं बरंच कमी करतो. म्हणून आकाराने मोठ्या पण अतिशय विरळ अशा दीर्घिका या दुर्बिणीला सापडू लागल्या. केश गुच्छातच अशा ४७ निघाल्या. त्यांपैकी डीएफ-४४ या दीर्घिकेत जवळजवळ सगळं वस्तुमान कृष्णद्रव्याचं आहे, असं याच गटाने २०१६ साली जाहीर केलं होतं.

डीएफ-२ काही नव्याने सापडलेली नव्हती. २००० सालच्या एका यादीत तिची नोंद होती. पण ड्रॅगनफ्लायच्या प्रतिमेत ती धुक्याच्या गोळ्यासारखी दिसली आणि त्याच जागी स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमेत मात्र टिंबटिंब ठिपके दिसले. दोन दुर्बिणी एकाच वस्तूची दोन रूपं दाखवत होत्या, आणि त्यामुळेच ती निवडली गेली. हवाईमधल्या १० मीटर आरशाच्या केक दुर्बिणीने आणि मग हबल अवकाश दुर्बिणीने पाहिल्यावर उलगडा झाला: ते ठिपके म्हणजे गोलाकार तारकागुच्छ होते, प्रत्येकात लाखो जुने तारे. दीर्घिकेचा पसारा आपल्या आकाशगंगेशी तुलना करण्याजोगा, तारे मात्र तिच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास.

अडचण

दीर्घिकेचं वजन करायचं तर तिच्यातल्या वस्तू किती वेगाने इकडेतिकडे फिरतात ते पाहावं लागतं. गुरुत्वाकर्षण जितकं जास्त, तितके वेग जास्त. इथले सुटे तारे वेग मोजण्याइतके तेजस्वी नव्हते, पण गुच्छ होते. १० गुच्छांचे वर्णपट घेतले, त्यांतल्या शोषणरेषा, म्हणजे वर्णपटातल्या काळ्या रेषा, किती सरकल्या ते पाहिलं आणि प्रत्येकाचा वेग काढला. सगळे सेकंदाला साधारण १,८०० किलोमीटरने आपल्यापासून दूर जात होते. महत्त्वाचा प्रश्न होता तो एकमेकांच्या वेगांतल्या फरकाचा. या आकाराच्या नेहमीच्या दीर्घिकेत वेगांचा विखार, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचं माप, सेकंदाला ३० किलोमीटर किंवा त्याहून जास्त असायला हवा होता. निघाला तो जास्तीत जास्त १०.५, तोही ९० टक्के खात्रीने.

नुसत्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने ७ किलोमीटरच्या आसपास विखार होतोच. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सुमारे २० कोटी सूर्यांइतकं. म्हणजे कृष्णद्रव्याला जागाच उरत नव्हती. अपेक्षेच्या चारशेव्या हिश्शाहूनही ते कमी भरत होतं.

आणखी एक गोष्ट खटकत होती. हे गुच्छ फार तेजस्वी होते. जवळपास सगळ्या दीर्घिकांत गोलाकार गुच्छांचं ठरावीक तेज सारखंच असतं. अंतर मोजायला लोक त्याचा उपयोग करतात इतकं ते भरवशाचं मानलं जातं. डीएफ-२चे गुच्छ त्याच्या साधारण चौपट तेजस्वी होते. म्हणजे एकाच दीर्घिकेत दोन नवलं. एकाच ठिकाणी दोन नवलं दिसली की दोन्हींच्या मुळाशी एकच चूक नाही ना, हे तपासावंसं वाटणारच.

समोरचे पर्याय

गटाच्या बैठकांत काय बोललं गेलं हे बाहेरच्याला कळत नाही. पण हाती असलेल्या सामग्रीवरून तीन वाटा दिसतात.

पहिली, आणखी गुच्छांचे किंवा खुद्द ताऱ्यांच्या प्रकाशाचे वेग मोजेपर्यंत थांबणं. दहा आकड्यांवरून विखार काढणं नाजूक काम असतं. त्यांतला एक आकडा जरी हलला तरी उत्तर हलतं.

दुसरी, अंतर पक्कं होईपर्यंत थांबणं. तेव्हा हाती असलेलं अंतर होतं सुमारे ६.५ कोटी प्रकाशवर्षं, आणि ते हबलच्या प्रतिमेतल्या खरबरीतपणावरून काढलेलं होतं. रांगोळी जवळून पाहिली तर तिचे कण वेगळे दिसतात. माडीवरून पाहिली तर रंग सपाट दिसतो. दीर्घिकेचंही तसंच. ती जवळ असेल तर प्रतिमा दाणेदार, दूर असेल तर गुळगुळीत. हा दाणेदारपणा मोजून अंतर काढतात. पद्धत चांगली आहे, पण एखाद्या वस्तूचा दाणेदारपणा किती अंतरावर किती असायला हवा, हे आधी नेहमीच्या दीर्घिकांवर ठरवून घ्यावं लागतं. डीएफ-२ नेहमीची नव्हतीच.

तिसरी वाट, आहे ते जाहीर करून इतरांना तपासू देणं.

त्यांनी तिसरी निवडली. मार्च २०१८मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध आला. कृष्णद्रव्याचा अभाव असलेली दीर्घिका, असं शीर्षकातच म्हटलं होतं.

पुढे काय काय केलं गेलं

वादाला तोंड फुटायला महिनाही लागला नाही. पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा. दुसऱ्या एका गटाने तेच दहा वेग घेऊन वेगळ्या रीतीने हिशेब केला आणि विखाराची वरची मर्यादा जवळजवळ १९पर्यंत जाऊ शकते असं दाखवलं. एवढ्या रुंद मर्यादेत थोडंफार कृष्णद्रव्य सहज बसतं. येलच्या गटाने एका गुच्छाचा वेग पुन्हा मोजला, तो दुरुस्त झाला आणि त्यांचा नवा आकडा ७.८च्या जवळपास आला. दुरुस्ती स्वतःहून, छापून केली. हे मला महत्त्वाचं वाटतं.

खरा घाव २०१९मध्ये बसला. टेनेरीफ बेटावरच्या कॅनरी खगोलभौतिकी संस्थेच्या गटाने हबलची तीच प्रतिमा घेतली. हबलची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात, म्हणून हे शक्य झालं. त्यांनी निरनिराळ्या पाच रीतींनी अंतर काढलं आणि म्हणाले, ही दीर्घिका सुमारे ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

अंतर बदललं तर काय बदलतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. वेगांचा विखार अंतरावर अवलंबून नसतो. वर्णपटातली रेषा जवळची असो की दूरची, तेवढीच सरकते. विखार आणि आकार यांवरून जे एकूण वस्तुमान निघतं ते अंतराच्या प्रमाणात घटतं, कारण दीर्घिका जवळ आली की तिचा खरा आकार लहान ठरतो. ताऱ्यांचं वस्तुमान मात्र त्यांच्या तेजावरून काढलेलं असतं आणि तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे जवळ आणलं की तारे जास्त वेगाने हलके होतात, एकूण वजन तेवढं हलकं होत नाही. मधली जी जागा उरते ती कृष्णद्रव्याची. टेनेरीफच्या गटाने ताऱ्यांच्या घडणीचा अंदाजही वेगळा धरला आणि ताऱ्यांचं वस्तुमान २० कोटींवरून सुमारे ६ कोटी सूर्यांवर आणलं. मग तीन-चतुर्थांश वस्तुमान कृष्णद्रव्याचं निघालं. शिवाय गुच्छांचं तेज नेहमीसारखं झालं. एक आकडा बदलला आणि दोन्ही नवलं नाहीशी झाली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा युक्तिवाद वाचला तेव्हा मला तो पटला होता. साधा होता आणि त्यात काहीच जादा गृहीत धरावं लागत नव्हतं.

इथे प्रकरणातला दुसरा मोठा निर्णय येतो. येलच्या गटाला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तीच प्रतिमा घेऊन वाद घालत राहणं, किंवा वाद संपवू शकेल अशी नवी प्रतिमा मिळवणं. पहिली गोष्ट त्यांनी केलीच. इतर तज्ज्ञांच्या स्वतंत्र हिशेबातही अंतर ६.५ कोटींच्या आसपासच आलं. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होणार नव्हतं. कारण दोन्ही बाजू ज्या प्रतिमेवर बोट ठेवत होत्या, त्या प्रतिमेत उत्तर पुरेसं स्पष्ट नव्हतंच.

उत्तर लाल राक्षसी ताऱ्यांत होतं. सूर्यासारखा तारा म्हातारा होताना फुगत, लाल होत, तेजस्वी होत जातो. मग त्याच्या गाभ्यातला हेलियम एकाएकी पेटतो आणि तारा पुन्हा मंद होतो. हा क्षण येतो तेव्हा बहुतेक जुन्या ताऱ्यांचं तेज जवळपास सारखंच असतं. म्हणून एखाद्या दीर्घिकेतल्या लाल राक्षसी ताऱ्यांची तेजानुसार गणती केली, तर एका ठरावीक तेजापाशी संख्या एकदम गळते. या जागेला शिखर म्हणू. ते तेज किती मंद दिसतं त्यावरून अंतर सरळ निघतं. ही पद्धत फार भरवशाची आहे, फक्त तारे सुटे दिसायला हवेत.

जुन्या प्रतिमेत ते तारे दिसण्याच्या अगदी काठावर होते. टेनेरीफच्या गटाला एक पायरी दिसली होती आणि त्यांनी तीच शिखराची पायरी मानली. येलचं म्हणणं असं की ती खोटी पायरी आहे: दोन तारे इतके जवळ दिसतात की प्रतिमेत ते एक होतात आणि अशा जोड्या शिखराहून तेजस्वी भासतात. फसवी पायरी तेजस्वी, म्हणून अंतर कमी. कोण बरोबर हे त्या प्रतिमेवरून सांगता येत नव्हतं.

दरम्यान वजन काढायच्या इतर वाटाही चालू होत्या. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीने आणि केकने गुच्छांऐवजी खुद्द दीर्घिकेच्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाचा विखार मोजला. एकात ८.५च्या, दुसऱ्यात १०.८च्या आसपास आला. दोन्हींच्या मर्यादा रुंद होत्या, पण दोन्ही आकडे लहानच. त्याच वर्षी याच परिसरात दुसरी तशीच दीर्घिका सापडली, डीएफ-४. तिच्या सात गुच्छांचा विखार तर ४च्या आसपास होता.

या टप्प्यावर आपल्या पुण्याचाही एक धागा जुळतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातल्या एका संशोधकाने अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीने डीएफ-२मध्ये हायड्रोजन वायू आहे का ते शोधलं. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर सूर देतो. तो सूर ऐकू आला असता तर वायू कसा फिरतो त्यावरून वजनाची आणखी एक स्वतंत्र तपासणी करता आली असती. सूर आला नाही. ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या तुलनेत तिथला वायू अगदीच नगण्य आहे, एवढंच ठरलं. काहीच न सापडणं हासुद्धा इथे उपयोगी निकाल होता: ही दीर्घिका जुनी आणि कोरडी आहे, आणि तिचा वायू कुणीतरी किंवा कशानेतरी काढून नेला आहे.

मग हबलचा वेळ मिळाला. हबल पृथ्वीभोवती सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी मारते आणि तिचा वेळ फेऱ्यांच्या हिशेबात वाटला जातो. जगभरातून मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते. डीएफ-२साठी तब्बल ४० फेऱ्या दिल्या गेल्या. एका अंधुक डागाचं अंतर काढायला इतका वेळ देणं, हा निवड समितीचाही निर्णय होता. या प्रकरणातला तोच सगळ्यांत मोलाचा निर्णय असं मी मानतो.

निष्पत्ती

२०२१मध्ये निकाल आला. खोल प्रतिमेत लाल राक्षसी तारे सुटे दिसले आणि शिखर स्पष्ट दिसलं. अंतर ७.२ कोटी प्रकाशवर्षं, चूक झालीच तर ४० लाख प्रकाशवर्षं इकडेतिकडे. वादाच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांपेक्षा जास्तच. डीएफ-४चं अंतर एक वर्ष आधीच सुमारे ६.५ कोटी निघालं होतं.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हातून घडला, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. टेनेरीफचं अंतर खरं असतं तर डीएफ-२चा आपल्याला दिसणारा प्रकाश तो कातळ थंड होऊन बराच काळ लोटल्यावर निघाला असता. प्रत्यक्षात तो लाव्हा फुटायच्याही आधी निघालेला आहे. या फरकावर एका दीर्घिकेचं सगळं वजन अवलंबून होतं.

अंतर वाढल्यामुळे कृष्णद्रव्याचा अभाव टिकला, आणि गुच्छांच्या तेजाचं नवलही टिकलं. एक अनपेक्षित लाभही झाला. दोन्ही दीर्घिकांची खोल प्रतिमा असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर फार नेमकं काढता आलं: सुमारे ७० लाख प्रकाशवर्षं. आपल्यापासून देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, यावरून अंदाज यावा. एवढ्या लांबच्या दोघी एकाच एनजीसी १०५२भोवती बांधलेल्या असू शकत नाहीत.

मग कृष्णद्रव्य गेलं कुठे? एक मत असं की शेजारच्या मोठ्या दीर्घिकेने ते ओरबाडून नेलं. टेनेरीफच्या लोकांनीच डीएफ-४भोवती ताऱ्यांच्या ताणलेल्या शेपट्या दाखवल्या आहेत, आणि ओरबाडलं जाताना कृष्णद्रव्य ताऱ्यांच्या आधी जातं, कारण ते बाहेर पसरलेलं असतं. दुसरं मत २०२२मध्ये येलच्या गटाने मांडलं. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी वायूने भरलेल्या दोन लहान दीर्घिका प्रचंड वेगाने एकमेकींवर आदळल्या. कृष्णद्रव्य एकमेकांतून आरपार निघून गेलं, वायू मात्र धडकून मध्येच अडकला आणि त्यातून बिनकृष्णद्रव्याच्या दीर्घिकांची रांग तयार झाली. त्याच भागात सात ते अकरा अंधुक दीर्घिका एका ओळीत दिसतात, हा त्यांचा पुरावा. तेजस्वी गुच्छही अशा दाबलेल्या वायूत जन्मले असं म्हणता येतं.

आणखी एक परिणाम झाला. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला तर कृष्णद्रव्याची गरज नाही, असं मानणारे काही शास्त्रज्ञ आहेत. नियम बदलायचा तर तो सगळीकडे बदलतो. एखाद्या दीर्घिकेला त्यातून सूट मिळत नाही. त्यामुळे जिथे जास्तीचं गुरुत्वाकर्षण दिसतच नाही अशी दीर्घिका त्यांना अडचणीची. त्यांचं उत्तरही आलं: शेजारच्या मोठ्या दीर्घिकेचं क्षेत्र धरलं तर विखार १३च्या आसपास यायला हवा, आणि तो मोजमापाच्या मर्यादांपासून फार लांब नाही. पण हे उत्तरही डीएफ-२ खरोखर शेजारणीच्या किती जवळ आहे यावर उभं आहे. पुन्हा अंतरच.

काय वेगळं करता आलं असतं

२०१८मध्ये घाईने छापलं, अशी टीका झाली. मला ती पूर्ण पटत नाही. छापलं नसतं तर टेनेरीफच्या गटाने ती प्रतिमा उघडून पाहिलीही नसती, आणि ४० फेऱ्यांची मागणी करायला एवढं सबळ कारणही मिळालं नसतं. पण मांडणी वेगळी हवी होती. पहिल्या निबंधात अंतर चारपासून साडेसात कोटींपर्यंत घेऊन प्रत्येक अंतराला कृष्णद्रव्य किती निघतं, अशी एकच आकृती सगळ्यांत पुढे ठेवली असती, तर वाद वर्षभर आधीच योग्य प्रश्नावर आला असता. शीर्षकातला ठामपणा दहा वेगांना झेपणारा नव्हता.

टेनेरीफच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. पाच पद्धतींनी एकच उत्तर येतं, हे त्यांचं बलस्थान होतं. पण त्यांतली एक पद्धत गुच्छांचं तेज नेहमीसारखं असेल हे गृहीत धरून चालत होती, आणि खरा प्रश्न तर तोच होता. जी गोष्ट तपासायची तीच पुरावा म्हणून मोजली गेली. पहिल्या वाचनात हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

दोन्ही गटांनी २०१९मध्येच मिळून हबलकडे मागणी केली असती तर? दोघांना एकच प्रतिमा हवी होती आणि तिच्यातून काय दिसलं तर कोण चुकीचं ठरेल, हे दोघांनाही आधीच सांगता आलं असतं. तसं झालं नाही. आता रांगेतल्या उरलेल्या दीर्घिकांचा प्रश्न आहे. धडकेची गोष्ट खरी असेल तर ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना अंतरं क्रमाने बदलत जायला हवीत, वेगही त्याच क्रमाने. डीएफ-२ आणि डीएफ-४ अशा दोनच दीर्घिकांची अंतरं एवढी नेमकी मोजलेली आहेत. बाकीच्यांपैकी प्रत्येकीला पुन्हा कितीतरी फेऱ्या लागतील.